पहिले चार मजले : नेटहॅकच्या मराठी पुस्तिकेच्या कामाच्या नोंदी

शनिवार, ७ जून २०२५, पाचपाखाडी, ठाणे

काम ठरलं. नेटहॅक हा भुयारात मजल्यामजल्याने उतरायचा संगणकावरचा खेळ पहिल्यांदाच उघडणाऱ्यासाठी मराठीत एक छोटी पुस्तिका, फक्त पहिल्या चार मजल्यांपुरती. ए-फोर कागद मधोमध दुमडून जेवढी पानं होतील तेवढीच. सोसायटीच्या अभ्यासिकेत रविवारी मुलं येतात. तिथल्या जुन्या संगणकांवर हा खेळ सहज चालतो, कारण त्याला चित्रं लागतच नाहीत. सगळं अक्षरांत आहे. @ म्हणजे आपण, उभ्या-आडव्या रेघा म्हणजे भिंती, टिंब म्हणजे मोकळी जमीन आणि बाकीचं प्रत्येक अक्षर म्हणजे कुणीतरी किंवा काहीतरी.

पहिल्या पानावर घराण्याची ओळख थोडक्यात द्यायची. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियात मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन यांनी ‘रोग’ लिहिला, त्याच्या धर्तीवर जे फेनलसन यांनी ‘हॅक’ केला आणि हॅकमधून १९८७ मध्ये नेटहॅक निघाला. तो आजही फुकट मिळतो, त्याचा सोर्स कोड कुणालाही वाचता येतो. भुयाराचा नकाशा दर खेपेला नवा असतो. आणि मेलात की मेलात. साठवलेला खेळ परत उघडला की ती फाइल पुसली जाते, त्यामुळे मागे जाऊन वेगळी चाल करून बघता येत नाही.

चारच मजले का? नोम नावाच्या बुटक्या लोकांच्या खाणीत उतरणारा जिना दुसऱ्या ते चौथ्या मजल्यांपैकी एकावर असतो. तिथवर जिवंत पोचलेल्या माणसाला हा खेळ सोडत नाही, असं मी आजवर पाहत आलेय. त्याच्या आधी मेलेले मात्र दोन-तीनदा मरून खेळ बंद करतात. एवढा सुंदर खेळ त्यांच्या हातातून तिथेच निसटतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून पुस्तिकेचा सगळा जोर तिथे.

आवृत्ती ३.६ धरायची. अभ्यासिकेत तीच आहे.

रविवार, ८ जून

भाची कोपरखैरण्याहून आली. तिला काहीही न सांगता खेळायला बसवलं आणि शेजारी वही घेऊन बसले. कुठे अडखळते तेवढं टिपायचं, तोंड उघडायचं नाही, असं ठरवलं होतं.

पात्र निवडताना तिने टुरिस्ट घेतला. “मावशी, याच्याकडे कॅमेरा आहे गं!” टुरिस्ट हे या खेळातलं सर्वांत नाजूक पात्र म्हणायला हरकत नाही. सुरुवातीला एचपी, म्हणजे जीव किती उरला याचा आकडा, १० आणि अंगात हवाई शर्ट. पण तिला ते कळायचं काही कारण नव्हतं.

पहिल्याच मजल्यावर मोठ्या खोलीच्या मधोमध असताना कोल्हे आले, लहान डी अक्षराचे. कोल्हे टोळीने येतात. एका कोल्ह्याचा चावा १ किंवा २ एचपीचा, म्हणजे कोल्हा हा तसा किरकोळ प्राणी. पण मोकळ्या जागेत आपल्याभोवती आठ घरं असतात आणि त्यांतली चार भरली की एका चालीत ८ पर्यंत एचपी जातं. ती हलली नाही, बाण मारत राहिली. दुसऱ्या चालीत संपलं.

“कोल्हा डेंजर आहे हे पहिल्या पानावर लिही ना,” ती म्हणाली.

घरी येऊन यावर विचार केला. कोल्हा डेंजर नव्हता, उभी राहिलेली जागा डेंजर होती. तीच चार जनावरं बोळात एकामागे एक आली असती तर चालीला २ च्या वर गेलं नसतं आणि टुरिस्टसुद्धा तगला असता. म्हणजे पुस्तिकेत प्राण्यांची यादी करून भागणार नाही. शेकडो प्राणी आहेत, पाठ कोण करणार? प्रकरणं जागांवरून पाडायची: बोळ, दार, जिना, खाण, वेदी. नव्या माणसाने हातात काय आहे याआधी पायाखाली काय आहे ते बघायला शिकलं की पहिले चार मजले निघतात, याची मला खात्री वाटते. पुस्तिका या एका गोष्टीवर उभी करायची.

मंगळवार, १० जून

ठाण्याहून ऐरोलीला जाताना गाडीत कळांची यादी केली. मध्ये दिघा गाव हे एकच स्टेशन, म्हणजे वेळ बेताचाच, आणि ते बरं झालं. यादी छोटी राहिली. हलण्याच्या कळा, उचलायला स्वल्पविराम, शोधायला किंवा थांबायला लहान एस, जिने चढायला-उतरायला < आणि >, खेळ साठवायला मोठा एस. त्यात अर्धविराम हवाच: तो दाबून नकाशावरच्या कुठल्याही अक्षरावर बोट ठेवलं की ते काय आहे हे खेळ सांगतो आणि त्यात चालही खर्च होत नाही. नेटहॅकमध्ये आपण कळ दाबेपर्यंत कुणीही हलत नाही. वाट्टेल तितका वेळ विचार करा. हे वाक्य ठळक अक्षरांत.

शनिवार, १४ जून

दाराचं पान. दिवसभर यावरच बसले, कारण इथे बरेच जुने खेळाडूसुद्धा अर्धवट सल्ला देतात. “दारात उभं राहून लढ” असं सगळे सांगतात. चौकटीच्या वहीत आखून पाहिलं.

दार बसवलेल्या चौकटीतून तिरपं जाता येत नाही, हे खरं. आपल्यालाही नाही, प्राण्यांनाही नाही. त्यावरून वाटतं की दारात उभं राहिलं की समोरचा एकच प्राणी आपल्याला गाठेल. पण तिरपं चालणं आणि तिरपा वार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दारातल्या माणसावर खोलीतून तिरपा वार करता येतो. म्हणजे दारात उभ्या असलेल्याला खोलीच्या बाजूने तीन घरं लागतात: समोरचं एक आणि दोन्ही अंगांची दोन. आठापेक्षा तीन बरी, पण तीन म्हणजे तीन.

आता दार ओलांडून बोळात एक घर मागे सरका. आता खोलीच्या बाजूने आपल्याला लागून एकच घर उरतं, खुद्द दाराचं. बाकी भिंत. खोलीत चार असोत की चाळीस, वार करणारा एकच. आपण मात्र दर चालीला त्या एकाला हाणतोय. चौकटीला दारच नसेल किंवा मोडलेलं असेल तर तिथून तिरपं चालता येतं, पण एक घर मागे सरकलेल्याला त्याने फरक पडत नाही, कारण आपल्या दोन्ही अंगांना भिंतच आहे.

ठाण्याला सकाळी गाडीत चढणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागू नये. दारात उभा राहणारा तिन्हीकडून धक्के खातो, पाऊलभर आत सरकलेल्याला एकाच बाजूचा सोसावा लागतो. हे उदाहरण पुस्तिकेत घालणार. वाशी-पनवेलच्या पोरांनाही पटेल.

पानाचं शीर्षक: ‘दारात नको, दाराच्या एक घर मागे’. दोन चौकटी आखायच्या, एकीत तीन बाण, दुसरीत एक. मजकूर जवळजवळ लागणारच नाही.

एक पुरवणी. बोळात पाठीमागूनही कुणी येऊ शकतं. म्हणून ज्या बोळातून आपण नुकतेच आलो तोच निवडायचा. अनोळखी बोळात पळायचं नाही.

रविवार, १५ जून

आज शेजारच्या काकांनी वेळ दिला. निवृत्त आहेत, बुद्धिबळ चांगलं खेळतात, संगणक फक्त वीजबिल भरायला उघडतात. माझ्या पुस्तिकेला असाच वाचक हवा होता. त्यांना ड्वार्फ या दणकट बुटक्या जातीची वाल्किरी, म्हणजे योद्धा स्त्री, दिली. पुस्तिकेतही तीच सुचवायची: एचपी १८, हातात लांब तलवार, थंडीचा त्रास नाही, चालताना आवाज नाही, आणि ड्वार्फ असल्यामुळे अंधारातही गरम रक्ताचे प्राणी दिसतात. शिवाय खाणीतले नोम आणि ड्वार्फ बहुतेक तिच्याशी सलोख्याने वागतात.

काका घरं मोजत खेळतात. दाराचं पान दाखवल्यावर म्हणाले, “अगं, हे तर प्यादं अडवण्यासारखं आहे, यात समजावायचं काय?” आणि लगेच तसे खेळू लागले.

भाची बाजूच्या संगणकावर सामुराई घेऊन बसली होती. मनुष्य सामुराई, एचपी १५, भरपूर बाण. तिला तिसऱ्या मजल्यावरून खाणीचा जिना सापडला आणि ती उतरली. खाणीत खोल्या आणि बोळ असा नकाशा नसतो, सगळी वेडीवाकडी गुहा असते, आणि दाराचं पान तिथे फारसं चालत नाही. तिथे जागा म्हणजे आपण ज्या जिन्याने आलो तो जिना.

लाल एच अक्षर दिसलं. ड्वार्फ. मग संदेशाच्या ओळीत आलं की त्याने रुंद कुदळ हातात घेतली. हीच ती ओळ. ड्वार्फचा स्वतःचा वार १ ते ८ आणि त्या कुदळीचा १ ते १२, म्हणजे एका फटक्यात २० पर्यंत. तिच्याकडे १५. पुढे जाऊन तलवार चालवली आणि दुसऱ्या फटक्यात गेली.

पण ड्वार्फचा वेग ६ आहे. साध्या पात्राचा १२, सामुराई त्याहून चपळ. म्हणजे त्याच्या एका चालीत आपल्या दोन. लांबून दिसला की धनुष्य हातात घ्यायचं, बाण सोडायचे, तो दोन घरांवर आला की मागे सरकायचं. तेवढ्याने होत नसेल तर जिना. जिना चढताना आपल्याला अगदी लागून असलेला प्राणीच मागोमाग येतो. दोन घरं लांब असलेला खालीच राहतो. म्हणून संथ शत्रूसाठी जिना उत्तम. टोळीसाठी तितका नाही, कारण भोवती चिकटलेले सगळेच वर येऊ शकतात. टोळीसाठी बोळ, एकट्या बलदंडासाठी जिना. हे शब्द असेच्या असे पुस्तिकेत.

आणि चौकटीत एक सूचना: पहिल्या मजल्यावरचा वर जाणारा जिना म्हणजे भुयाराबाहेरचा रस्ता. खेळ विचारतो, परत येता येणार नाही, तरी चढायचं का? नाही म्हणायचं. चढलात की खेळ संपला.

बुधवार, १८ जून

एल्बेरेथ, म्हणजे जमिनीवर लिहायचा संरक्षक शब्द. यावर इंटरनेटवर इतकं जुनं साहित्य आहे की नवा माणूस त्यातच फसतो. २००३ च्या ३.४.३ आवृत्तीचे नियम लोक अजून सांगतात. २०१५ मध्ये ३.६ आली आणि हे बदललं.

आधी मूळ गोष्ट. मोठा ई दाबायचा, वजाचं चिन्ह दाबून बोट निवडायचं आणि धुळीत ई-एल-बी-ई-आर-ई-टी-एच अशी आठ अक्षरं लिहायची. त्या घरावर आपण उभे असताना बहुतेक प्राणी जवळ येऊन वार करायला बिचकतात. @ अक्षराचीच असलेली इतर माणसं जुमानत नाहीत, दुकानदारही नाही. लांबून फेकलेला खंजीर किंवा बाण काही थांबत नाही.

जुन्या नियमात त्या घरावर उभं राहून आपण खंजीर फेकत राहिलं तरी चालायचं. ३.६ मध्ये तिथून हल्ला केला, मग तो तलवारीचा असो वा बाणाचा, की अक्षरं पुसली जातात. शिवाय दर वेळी एखादा प्राणी बिचकला की सातात एकदा ती आपोआप पुसली जाण्याची शक्यता. आणि त्या घरावर तेवढा एकच शब्द हवा, आगेमागे आणखी काही लिहिलेलं चालत नाही.

अजून एक गोष्ट फार कमी जण सांगतात. धुळीत लिहिताना प्रत्येक अक्षर बिघडण्याची शक्यता पंचविसात एक असते. आठही अक्षरं नीट उमटायची शक्यता काढली: ०.९६ चा आठवा घात, साधारण ७२ टक्के. म्हणजे चारातून एकदा तरी शब्द चुकलेला असतो आणि आपण निर्धास्त उभे असतो. म्हणून लिहिल्यावर लगेच विसर्गासारखं चिन्ह, म्हणजे कोलन, दाबून पायाखालचं वाचायचं. याला चाल लागत नाही.

माझं मत: पहिल्या चार मजल्यांवर एल्बेरेथ दोन-चार चाली मिळवण्यासाठी वापरावं, त्यावर तळ ठोकू नये. त्या चालींत करायचं ते आधीच ठरलेलं असावं. बहुतेक वेळा ते म्हणजे प्रार्थना. ते पान रविवारी.

रविवार, २२ जून

बाहेर पाऊस धो धो. काका छत्री झटकत आले.

खाणीच्या पहिल्या मजल्यावर पिवळा ओ, हिल ऑर्क, काकांच्या वाल्किरीला भिडला. एचपी ४ राहिलं. चाल सातशेच्या पुढे. मी गप्प. काकांनी आणखी एक वार केला, तो हुकला आणि वाल्किरी गेली.

“प्रार्थना ठेवली होती राखून,” काका म्हणाले. “पुढे मोठं संकट आलं तर?”

हाच स्वभाव जवळजवळ सगळ्या नव्या खेळाडूंत दिसतो आणि पुस्तिकेने तो मोडायला हवा. एचपी ५ किंवा त्याहून कमी झालं की खेळाच्या हिशेबात ते मोठंच संकट. यापेक्षा मोठं पहिल्या चार मजल्यांवर येत नाही. # दाबून पी-आर-ए-वाय लिहायचं. चाल ३०० ओलांडली असेल आणि आपण काही पाप केलं नसेल तर देव एचपी पूर्ण भरतो, आणि प्रार्थना चालू असेपर्यंत कुणी इजा करू शकत नाही. त्यानंतर साधारण १००० चाली पुन्हा हाक मारायची नाही.

भुकेलाही हाच इलाज. नुसतं ‘भूक लागली’ एवढ्यावर नाही. अशक्तपणाची सूचना आली की प्रार्थना करायची, पोट किती भरलंय याचा आकडा पुन्हा ९०० वर येतो. म्हणजे सुरुवातीला मिळतं तेवढंच.

पाप म्हणजे काय, हे काकांनी बारकाईने विचारलं. सलोख्याच्या प्राण्याला मारणं आणि आपल्या पाळीव जनावराला मारणं ही पहिल्या चार मजल्यांवरची दोन मोठी. दोन्हींत नशीब ५ ने उतरतं, आणि नशीब शून्याखाली असताना प्रार्थना फळत नाही. ड्वार्फ वाल्किरीला खाणीत हा धोका जास्त, कारण भोवती सगळे सलोख्याचे. खेळ विचारतो, खरंच हल्ला करायचा? तिथे घाईत होकार द्यायचा नाही.

“आणि देव कुठला?” ड्वार्फ वाल्किरीचा टिर. काकांनी नाव वहीत लिहून घेतलं.

गुरुवार, २६ जून

विश्रांतीचं गणित. पहिल्या अनुभव पातळीवर एक एचपी भरून यायला १५ चाली लागतात. सूत्र असं: ४२ भागिले (पातळी अधिक २), त्यात एक मिळवायचा. चौथ्या पातळीवर ८ चाली. म्हणजे पहिल्या पातळीवर १५ एचपी भरायला २२५ चाली, पोटातल्या ९०० चा पाव हिस्सा. एखाद्या वेळी परवडतं, दर भांडणानंतर नाही. थांबायचंच तर २० आणि एस असं एकदम टाकायचं. कुणी दिसलं की खेळ स्वतःच थांबतो. जिन्यावर थांबावं.

याच पानावर दुसरं सूत्र. खेळ किती कठीण प्राणी धाडू शकतो याची कमाल साधारण अशी: मजला अधिक आपली पातळी, भागिले दोन. पहिल्या पातळीवर असताना चौथ्या मजल्यावर घाईने उतरलात तर ती वाढते, पण आपला जीव तेवढाच राहतो. म्हणून प्रत्येक मजला पुरता फिरून मगच खाली.

रविवार, २९ जून

न छेडण्याच्या प्राण्यांचं पान. एकच पान, आणि त्यात मोजकेच. इथे छपाईची अडचण आली. पुस्तिका काळी-पांढरी निघणार आणि नेटहॅकमध्ये रंगाने जीव वाचतो. निळा ई म्हणजे तरंगता डोळा. त्याला जवळून मारलं की आपण १२७ चालींपर्यंत गारठून उभे, आणि तेवढ्यात साधा उंदीरही कुरतडून संपवतो. तो स्वतःहून काही करत नाही, वेग १. बाजूने निघून जायचं. लांबून बाणांनी मारता आला तर त्याचं मांस खावं, त्याने दूरचे प्राणी जाणवण्याची शक्ती मिळते; ती डोळे बांधल्यावर चालते. करड्या रंगाचा ई म्हणजे वायूचा गोळा. तो मेला की फुटतो, ४ ते २४ एचपीचा दणका. तोही लांबूनच.

रंग शब्दांत लिहायचे आणि प्रत्येक ओळीशेवटी ‘आधी अर्धविराम’. भाचीने सुचवलं की पुस्तिकेसोबत रंगीत पेन्सिली ठेवू, प्रत्येकाने आपली अक्षरं स्वतः रंगवायची. फार छान सुचलं तिला. रंगवलेलं लक्षात राहतं.

मोठा एफ, लायकेन हा बुरशीसारखा जीव, याच पानावर पण उलट कारणासाठी. तो चिकटतो, पण त्याच्या स्पर्शाने एचपी जात नाही. मारून त्याचा देह पिशवीत टाकायचा, कधीच कुजत नाही.

रविवार, ६ जुलै, आषाढी एकादशी

काकांचा उपास, घरी साबुदाण्याची खिचडी, आणि आम्ही खेळातल्या खाण्यावर बोलतोय. नियम सोपे आहेत. मारून ३० चालींच्या आत असेल तरच खायचं. झाँबी कधीच नाही, तो मेला तेव्हाच शिळा असतो. कोबोल्ड विषारी. कुत्रा-मांजर नाही, आपल्याच जातीचा नाही. ड्वार्फ वाल्किरीसाठी मेलेला ड्वार्फ त्यातच आला.

काका शाकाहारी. “मग माझं कसं?” त्यांनी मनापासून विचारलं. आणि नेटहॅकमध्ये याला खरंच जागा आहे: खेळ आपलं खाणं नोंदवतो आणि शेवटी शाकाहार पाळला का ते सांगतो. वाल्किरीकडे सुरुवातीला शिधा असतो, ८०० चा, तो शाकाहारात चालतो. लायकेनसुद्धा चालतो. वर अशक्तपणावर प्रार्थना आहेच. पहिले चार मजले यावर निघतात. काका यापुढे तसंच खेळणार आहेत. पुस्तिकेत पाव पान यासाठी दिलं, आपल्याकडे हे विचारणारे खूप निघतील.

शनिवार, १२ जुलै

काय गाळायचं ते ठरवलं. कारंज्यात तलवार बुडवून एक्सकॅलिबर ही जादूची तलवार मिळवायचं आकर्षण सगळ्यांना असतं, पण त्याला पाचवी पातळी लागते, आणि त्याआधी कारंज्याशी खेळून सापच निघतात. गाळलं. एकच ओळ: कारंज्याचं पाणी पिऊ नका. जादूच्या कांड्या, अनोळखी औषधं, सोकोबान हा कोड्यांचा भाग, सगळं गाळलं. दुकानाला दोन ओळी: कुदळ बाहेर ठेवून आत जा, दुकानदाराशी भांडू नका.

ठेवलं ते मांजराचं. सापडलेली वस्तू शापित आहे की नाही हे आपलं मांजर सांगतं. शापित वस्तूच्या घरावर ते सहसा जात नाही, गेलंच तर नाखुशीने गेल्याचा संदेश येतो. वेदी सापडली तर सगळी पिशवी तिच्यावर ठेवून पाहायची. काळी झळाळी म्हणजे शापित, सोनेरी म्हणजे मंगल. दोन्ही जागांचेच नियम आहेत, त्यामुळे पुस्तिकेच्या ओघात नीट बसले.

रविवार, २० जुलै

गोखले रोडवर झेरॉक्स काढून गठ्ठा अभ्यासिकेत नेला. रंगीत पेन्सिलींचा डबा भाचीने आणला. भोवती घोळका जमला.

नववीतल्या एका मुलाने खेळ याआधी पाहिलाही नव्हता. वाल्किरी घेतली, पहिल्या मजल्यावर कोल्हे आले तसा आल्या वाटेने बोळात शिरला, दारापासून एक घर मागे थांबला आणि एकेकाला मारलं. एचपी दोनाने उतरलं. त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही, पुढे निघून गेला. मला मात्र फार आनंद झाला. एका मुलीने एल्बेरेथ लिहून कोलन दाबला, तिसरं अक्षर बिघडलेलं निघालं, तिने पुन्हा लिहिलं आणि मग प्रार्थना केली. दोघंही चौथ्या मजल्यावर खेळ साठवून घरी गेले.

दाराच्या पानावर एक दुरुस्ती: दुसऱ्या चौकटीत बोळाची दिशा दाखवणारी रेघ फिकट आलीय, जाड करायची. खाणीच्या पानावर ‘रुंद कुदळ’ हे शब्द ठळक करायचे.

मुलाने जाताना विचारलं, “ताई, खाणीत खाली देऊळ आहे म्हणतात, तिथे काय करायचं?” देऊळ माइनटाउन या खाणीतल्या गावात, खाणीच्या तिसऱ्या किंवा चौथ्या मजल्यावर. तिथल्या पुजाऱ्याला आपल्या पातळीच्या ४०० पट सोनं दिलं की अंगाला कायमचं संरक्षण मिळतं: पहिल्या पातळीला ४००, तिसरीला १२००. म्हणजे पातळी कमी असतानाच तिथे पोचलेलं स्वस्त पडतं, आणि तिथवर जिवंत पोचणं हेच अवघड. दुसऱ्या पुस्तिकेचं पहिलं पान यावर. काकांना सोन्याचा हिशेब मांडायला सांगितलाय, भाची माइनटाउनचे नकाशे काढतेय.